साताऱ्यात राहून समाजाचा अभ्यास करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी, इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र या विषयांत एम.ए.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करणारी जिल्ह्यातली मुलंमुली आणि नोकरी सांभाळून संशोधनाला लागलेले शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका मार्गदर्शकाची आहेत. तुमच्या गाइडचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, सही त्यांची लागते.

'सातारा जिल्ह्यातील शैक्षणिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास' असा विषय घेतला तर चालेल का?

चालेल. मंजूरही होईल. आणि तीन वर्षांनी कुणी विचारलं, "नेमकं काय सापडलं?" तर तुम्ही पहिलं प्रकरण सांगायला लागाल.

जिल्ह्यात ११ तालुके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये ५००च्या आसपास. कराडच्या उसाच्या पट्ट्यातली शाळा आणि पाटणच्या डोंगरातली वाडीवरची शाळा एकाच सरासरीत घातली की येणारा आकडा दोन्हीकडच्या मुलांविषयी काहीच सांगत नाही. शीर्षकात 'चिकित्सक' घातल्याने अभ्यास चिकित्सक होत नाही, तसा 'समग्र' घातल्याने समग्रही होत नाही.

प्रश्न लहान करा. '१९७२च्या दुष्काळानंतरच्या दहा वर्षांत माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमधून मुली कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या महिन्यात गळाल्या?' याचं उत्तर देता येतं, तपासता येतं, चुकलं तर दुसऱ्याला दाखवून देता येतं. शिवाय ते शोधताना रोजगार हमीची कामं, लग्नाचं वय, एसटीच्या फेऱ्या, घरात पाणी कुणी भरायचं, हे सगळं मागोमाग येतंच. विषय ठरवण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, एक संध्याकाळ घालवा. त्याच नावाचे प्रबंध आधीच पडलेले दिसले की मोह आपोआप सुटतो.

रयत शिक्षण संस्थेवर आणि कर्मवीरांवर इतकं लिहून झालंय. आता काय उरलंय?

पुष्कळ. जे लिहून झालंय त्यातलं बरंचसं एकच प्रकरण आहे, पुन्हा पुन्हा उतरवलेलं: ४ ऑक्टोबर १९१९ला काले गावी संस्थेची स्थापना, १९२४ला साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग, २५ फेब्रुवारी १९२७ला गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण, कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी मोडलेलं मंगळसूत्र, 'कमवा आणि शिका'. हे सगळं खरं आहे आणि प्रत्येकाने दोन पानांत लिहावं. पन्नास पानांत नको.

उरलंय ते बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात. धान्य कुठून यायचं, कोण दळायचं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं, आणि तोच मुलगा सुट्टीत गावी गेल्यावर कुठे जेवायचा? 'कमवा आणि शिका'तल्या मुलांनी काय कामं केली, त्याचा हिशेब कोण ठेवत होतं? खेडोपाडी शेकड्यांनी चाललेल्या व्हॉलंटरी शाळांतले शिक्षक कोण होते, त्यांना पगार कसा मिळत होता? आणि एक विषय मला फार दिवस खुणावतोय: बदल्या. रयतेचा शिक्षक आज साताऱ्यात, चार वर्षांनी नगर जिल्ह्यात, मग रायगडात. या फिरतीत बायकांच्या नोकऱ्यांचं काय झालं, मुलांच्या शाळा किती बदलल्या, कुटुंबाची बोली कशी घडली, यावर निवृत्त शिक्षकांची मुलं तासन् तास बोलतील. विचारायला मात्र कुणी जात नाही, कारण सगळ्यांना कर्मवीरांचे 'शैक्षणिक विचार' हवे असतात.

शाळेचं जनरल रजिस्टर बघा, असं सगळे सांगतात. त्यात एवढं काय असतं?

माझ्या मते जिल्ह्यातलं सगळ्यांत दुर्लक्षित साधन तेच आहे. एका ओळीत एक मूल: अनुक्रमांक, नाव, जात-धर्म, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा.

जन्मतारखेचा रकाना घ्या. जुन्या पानांवर ओळीने १ जून, १ जून, १ जून. गुरुजी जूनमध्ये पट भरायला बसायचे, जन्माची नोंद नसायची, आई सांगायची, "थोरल्या दुष्काळाच्या आदल्या साली झाला." मग वय बसेल असं साल धरून १ जून लिहिला जायचा. म्हणजे त्या नोंदीवरून मुलाचं वय काढलंत तर फसाल. पण १ जूनवाल्यांचं प्रमाण कोणत्या सालापासून घसरायला लागतं ते बघा. त्या गावात जन्मनोंद आणि दवाखान्यातली बाळंतपणं कधी रुजली याचा तो अंदाज आहे, आणि तो आरोग्य खात्याच्या कागदापेक्षा जास्त बोलका असतो.

'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'सतत गैरहजर', 'परगावी गेल्याने', 'पालकांच्या विनंतीवरून' अशा ठरीव नोंदी असतात. मुलीचं लग्न झालं असं गुरुजी सहसा लिहीत नाहीत. तारीख मात्र लिहितात. सातवी-आठवीतल्या मुलींची नावं लग्नसराईच्या महिन्यांनंतर एकदम कमी झालेली दिसली, तर कारणाच्या रकान्यावर विसंबू नका.

नावाचा रकानाही वाचा. मुलगा हवा असताना मुलगीच झाली म्हणून ठेवलेलं 'नकुशा' हे नाव आपल्याच जिल्ह्यातल्या रजिस्टरांत आहे. २०११मध्ये सातारा जिल्हा परिषदेने मोहीम काढून अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं बदलली. त्यातल्या कितीतरी मुली आज मोठ्या झाल्या असतील. दाखल्यावर कोणतं नाव, घरात कोणतं, सासरी कोणतं? हे कुणीतरी सन्मानाने विचारायला हवं.

आणि ज्यांना वाटतं की शाळेच्या वहीत काय इतिहास असणार, त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलची आठवण ठेवावी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे पहिली इंग्रजीत दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद १९१४ क्रमांकावर आहे. २०१७पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

एक खबरदारी. जातीच्या रकान्यात कुठे कुठे नंतरच्या शाईने केलेली दुरुस्ती आणि शेजारी सही दिसते. दुरुस्ती आहे एवढीच नोंद घ्या. ती का झाली यावर कागदावरून तर्क लढवू नका.

मुख्याध्यापक रजिस्टर दाखवायलाच तयार नाहीत. काय करू?

त्यांच्या जागी बसून बघा. २०२३पासून कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम चालली, शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं उघडली गेली, पानं फाटायला आली, आणि प्रत्येक नोंदीला कुणाच्या तरी दाखल्याचं, आरक्षणाचं वजन आलं. त्यात तुम्ही मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलात तर ते घाबरणारच.

कॉलेजचं पत्र न्या. त्यात कोणत्या सालांची रजिस्टरं, कोणते रकाने आणि नावं उतरवणार नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. शिपाई मामांना आधी भेटा, कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते त्यांनाच माहीत असतं. परीक्षेचे आणि प्रवेशाचे दिवस टाळा. पेन्सिलीने उतरवा, फोटो परवानगी मिळाली तरच. आणि रजिस्टर टेबलावर बसूनच बघा. घरी नेऊ देतो म्हणाले तरी नेऊ नका.

सातारा जिल्ह्याची जुनी आकडेवारी आणि आजची आकडेवारी जुळत नाही. चूक कुठे होते?

नकाशात. १८८५च्या गॅझेटियरमधला सातारा जिल्हा आणि आजचा सातारा जिल्हा हे दोन वेगळे प्रदेश आहेत. त्या जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. फलटण, औंध, जत, सांगली, मिरज ही संस्थानं त्याच्या बाहेर होती. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६०मध्ये सांगली झालं.

त्यामुळे '१९३१ ते १९६१ सातारा जिल्ह्यातील साक्षरतेत झालेली वाढ' असा तक्ता कुणी नुसते आकडे उचलून केला असेल तर तो बाद समजा. तालुका पातळीवर उतरा, शक्य असेल तर गाव पातळीवर. औंध संस्थानचं तर आणखी अवघड: संस्थानची गावं विखुरलेली, त्यातलं आटपाडी आज सांगलीत आणि खुद्द औंध साताऱ्यात खटाव तालुक्यात. त्याच औंधात १९३९मध्ये राजाने आपणहून कारभार लोकांच्या हाती दिला. त्यातून कारभार हाती आलेल्या ग्रामपंचायतींनी शाळांचं काय केलं हे शोधायचं तर दोन्ही जिल्ह्यांत फिरावं लागेल. ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचंही तसंच. १९४३नंतर 'साताऱ्याचं' म्हणून गाजलेल्या त्या चळवळीतली कितीतरी गावं आज सांगलीच्या हद्दीत आहेत. समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी जिथे राहून काम केलं ते कासेगावही वाळव्यातलंच.

जिल्ह्याचं लिंग गुणोत्तर ९८८ आहे. म्हणजे परिस्थिती चांगलीच म्हणायची ना?

२०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया हा आकडा खरा आहे. आता त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटाचा आकडा काढा. तो ९००च्या आत आहे. मुली इतक्या कमी आणि बायका इतक्या जास्त, हे कसं? कारण पाटण, जावळी, माण, खटावचे पुरुष गणनेच्या वेळी मुंबईत होते. पहिल्या आकड्यात स्थलांतर दडलंय. दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय एकाचाही अर्थ लावू नका.

मोडी येत नाही. मग जुन्या कागदांना हात लावू नये का?

शिका, दोन-तीन महिन्यांत वाचता येते, छापील नमुने आणि रोजचा सराव एवढंच लागतं. पण शिक्षणाच्या इतिहासासाठी विसाव्या शतकातले बरेच कागद बाळबोध लिपीतच मिळतील. मोडीवाचून अडतं ते जमीन, वतन, पंचांचे निवाडे यांपाशी.

मुलाखती कुणाच्या, केव्हा आणि कशा घ्याव्यात?

केव्हा, ते आधी. मुंबईकर गावात असतात तेव्हा: गावची यात्रा, गणपती, मे महिन्याची सुट्टी. माथाडी कामगारांच्या कुटुंबांवर काम करायचं असेल तर यात्रेचे दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी जा. यात्रेदिवशी प्रत्येकाच्या घरी पाव्हणे असतात. १९६९चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील यांचं काम कागदावर भरपूर सापडतं. नाक्यावरच्या एका खोलीत दहा-बारा गाववाले राहायचे, त्यात कुणाचा पोरगा रात्रशाळेत गेला आणि कुणाचा नाही, हे फक्त माणसांकडे आहे.

खानापूर, आटपाडी, खटाव, माणमधल्या गलाईवाल्यांचंही तेच. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ही माणसं देशभर पसरली, थेट तामिळनाडू-केरळपर्यंत. त्यांची मुलं तिथल्या शाळेत तिथली भाषा शिकतात, घरात माणदेशी बोलतात आणि सोयरीक गावाकडचीच लागते. शिक्षण, भाषा, जात, भांडवल, सगळं एका घरात! इतका चांगला विषय समोर असून विद्यार्थी मला विचारतात, "सर, 'सोशल मीडियाचा युवकांवरील परिणाम' घेऊ का?"

कोयना धरणाच्या विस्थापितांवर इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी डेक्कन कॉलेजने १९६९मध्ये छापली. त्या घरांतली पुढची पिढी आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहे. तो धागा पुढे न्यायला कुणी तरी हवं.

आता कसं. म्हाताऱ्या बाईला "आजी, तुमचं शिक्षण किती?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "न्हाय बाबा, आमी अडाणी," आणि मुलाखत तिथेच संपते. "शाळंत कुठं बसायचा तुमी?" असं विचारा. मग भिंतीकडेची जागा, शेणाने सारवायची पाळी, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात बसणं, गुरुजींनी त्याला पाटीवर रेघोट्या मारायला दिलेलं, आणि एका दिवाळीनंतर आईने "आता भाकरी कोण थापणार?" म्हणून घरी ठेवून घेतलेलं, असं सगळं येतं. 'अडाणी' बाई तिसरीपर्यंत शिकलेली निघते. तुमच्या तक्त्यात तिची नोंद 'निरक्षर' अशीच झाली असती.

नात्याने हाक मारा: आबा, तात्या, अण्णा, काकू. पण खोटी जवळीक नको. रेकॉर्डिंग करतोय हे सांगून फोन समोर ठेवा. "हे कुठं छापनार?" असं विचारलं तर नेमकं सांगा, आणि नको म्हटलं तर वही मिटा. उतरवताना बोली सुधारू नका. फलटणच्या बोलण्यातले भेद सामाजिक थरांशी कसे जोडलेले असतात यावर भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी पीएच.डी. केली. तुम्ही 'न्हाय'चं 'नाही' केलंत तर पुढच्या अभ्यासकाची वाट तुम्ही बंद केलीत.

गूगल फॉर्म पाठवून १०० प्रतिसाद गोळा केले. पुरेत ना?

कुणाचे? तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या मुलांचे, त्यांच्या मावसभावांचे. ज्यांच्याकडे फोन आहे, रेंज आहे आणि तुमची भीड आहे, एवढाच तो नमुना. कामात वापरा, पण 'सातारा जिल्ह्यातील युवक' असं त्याला म्हणू नका.

यात्रा, ओव्या, दैवतं यांचा अभ्यास म्हणजे नुसतं वर्णन होतं, अशी टीका होते. खरंय का?

बऱ्याचदा खरंय. बावधनच्या बगाडाचं, म्हणजे यात्रेत बैलांनी ओढायच्या लाकडी गाड्याचं, वर्णन वर्तमानपत्रं दर रंगपंचमीला करतात, ते तुमच्या प्रबंधात पुन्हा कशाला? बगाड ओढायला बैल कोणाचे, मान कुणाकडून कुणाकडे गेला, गावाबाहेर राहणारे वर्गणी का देतात, ट्रॅक्टर आल्यावर बैल राखणं कुणाला परवडतं, इथून अभ्यास सुरू होतो.

म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, आरेवाडीचा बिरोबा या पट्ट्यात फिरायचं असेल तर गुंथर सोन्थायमर यांचं काम आधी वाचा. हा जर्मन माणूस धनगरांच्या ओव्या त्यांच्याच मुखातून ऐकत वर्षानुवर्षं फिरला आणि देवाच्या कथेतून मेंढ्यांच्या वाटा, चराऊ रानं आणि शेतीवाल्यांशी असलेलं नातं वाचलं. जात्यावरच्या ओव्यांसाठी गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांचा मोठा संग्रह आहे. तो वाचून आपल्या गावातल्या बायकांकडे जा. जातं गेलं, पण साठीच्या पुढच्या बायकांना दोन ओळी अजून येतात. एकीने सुरुवात केली की शेजारची "तसं न्हाय" म्हणत पुढची म्हणते. म्हणून मुलाखत एकटीची घेऊ नका.

माझ्याच गावावर, माझ्याच जातीवर अभ्यास केला तर तटस्थता राहील का?

पूर्ण तटस्थता परक्यालाही नसते. तुमची अडचण वेगळी आहे: लोक तुम्हाला गोष्टी सांगणार नाहीत, कारण 'तुला ठाऊकच आहे' असं धरून चालतील. माहीत असलेलंही विचारा. दुसरी अडचण म्हणजे वरच्या आळीतला मुलगा खालच्या वस्तीत गेला की उत्तरं आदबीची येतात. तिथे एखादी त्या वस्तीतली विद्यार्थिनी सोबत असेल तर तिला मदतनीस म्हणून राबवू नका, कामात बरोबरीने नाव द्या.

माणसांची नावं बदलली की गोपनीयता पाळली गेली ना?

हजार-बाराशे वस्तीच्या गावात 'एक माजी महिला सरपंच' असं लिहिलंत तर नाव लिहायचं काय उरलं? गावाचं नावही बदला, तालुका धूसर ठेवा, दोन-तीन ओळखू येणारे तपशील गाळा. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घरांवर काम करत असाल तर फारच जपा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, पण तुमचा प्रबंध छापून आल्यावर त्या घराला त्याच गावात राहायचं असतं. अशा मुलाखतीचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर गाइडकडे, मित्राकडे, झेरॉक्सवाल्याकडे फिरत राहता कामा नये.

पुस्तकं आणि जुनी मासिकं कुठे बघायची?

वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आणि प्राज्ञपाठशाळा, औंधला भवानी संग्रहालयाचं ग्रंथालय, साताऱ्याचं नगरवाचनालय, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात जाऊन "रद्दीत काढायचं काही ठेवलंय का?" एवढं विचारा. शाळांची हस्तलिखितं आणि संमेलनांचे वार्षिक अंक तिथेच सापडतात.

पीएच.डी.चा काळ, साहित्यचौर्य, पेपर छापणं, याचे नियम थोडक्यात सांगा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिट. विद्यार्थिनींना मातृत्व व बालसंगोपन रजा २४० दिवसांपर्यंत मिळू शकते. ती मागायला लाजू नका. साहित्यचौर्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण टक्का कमी करायला शब्द फिरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, ते मराठीची जी दशा करतं ती परीक्षकाला पहिल्या पानावर दिसते.

पेपर छापण्याची सक्ती आता यूजीसीच्या नियमांत नाही, आणि मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादीही २०२५मध्ये बंद झाली. तुमच्या विद्यापीठाची स्वतंत्र अट आहे का ते बघा. "पैसे भरा, आठवड्यात छापतो" असा मेसेज आला तर नंबर ब्लॉक करा.

प्रबंध मराठीत लिहिला तर कमी प्रतीचा समजतात का?

समजणारे समजोत. माध्यमाचं कलम विद्यापीठाच्या नियमावलीत आधी वाचा आणि मग मराठीत लिहायचं तर युनिकोडमध्ये लिहा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला प्रबंध शोधगंगेवर चढतो, पण त्यातला एक शब्दही शोधला तर सापडत नाही.

झालेलं काम गावाला दाखवायचं का?

दाखवायचं, आणि सादर करण्याआधी. पूर्ण प्रबंध कुणी वाचणार नाही. गावाबद्दलचं प्रकरण साध्या मराठीत पंधरा पानांत काढा, एक प्रत शाळेत आणि एक वाचनालयात ठेवा, पारावर दोघा-तिघांना वाचून दाखवा. नात्यांत, सालांत, शेताच्या नावांत चुका निघतील. "ही विहीर म्हाद्याची न्हवं, त्येच्या चुलत्याची," असं कुणी म्हणालं तर तिथेच खोडून लिहा. प्रबंध सादर झाल्यावर दुरुस्ती करायची म्हटलं की विद्यापीठात अर्ज, गाइडचं पत्र आणि वर शुल्क लागतं.